दप्तराचे वळण

पश्चिम महाराष्ट्रातील एका तहसील कचेरीत, शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास, मी एका अव्वल कारकून बाईंच्या टेबलासमोर बसलो होतो. दाराशी पायताणे काढून एक वृद्ध शेतकरी आत आले, घडी घालून घालून मऊ झालेली पोच त्यांनी टेबलावर ठेवली आणि, उत्तराची फारशी आशा न उरलेल्या माणसाच्या स्वरात, "म्याडम, आमच्या रस्त्याच्या अर्जाचं काय झालं?" असे विचारले. बाईंनी पोचेवरचा आवक क्रमांक पाहिला, खुर्चीवरून न उठता मागच्या मांडणीतील दुसऱ्या गठ्ठ्यावर हात टाकला, कागद काढला आणि म्हणाल्या, "बाबा, भूमि अभिलेखकडून मोजणीचा नकाशा यायचाय. परवाच स्मरणपत्र धाडलंय. पुढच्या गुरुवारी फोन करून विचारा, एस.टी.चं भाडं घालून येऊ नका." या साऱ्याला पुरते एक मिनिटही लागले नसेल. काम झालेले नव्हते, नकाशा आलेला नव्हता. तरी आपला कागद कोठे आहे आणि कशासाठी थांबला आहे हे कळल्यामुळेच केवळ, ते गृहस्थ हात जोडून, मोकळ्या चेहऱ्याने बाहेर पडले.

हा प्रसंग मला विशेष वाटण्याचे कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यात आहे. सुमारे वीस वर्षांपूर्वी, वडील निवर्तल्यावर, गावच्या जमिनीवर वारसांची नोंद लावण्यासाठी मी दुसऱ्या एका तालुक्याच्या कचेरीत खेपा घालत होतो. त्या कचेरीचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील कारकून मला पाहताच मान खाली घालीत आणि 'उद्या या' एवढे दोनच शब्द उच्चारीत. त्यांच्या टेबलावर, टेबलाखाली, खिडकीच्या पाळीवर आणि कपाटाच्या माथ्यावर लाल फितीत बांधलेले आणि न बांधलेले कागद असे रचलेले होते की, त्या गृहस्थांचे अर्धे शरीर त्यामागे झाकले जाई. आठव्या खेपेला आमचा चढ्या आवाजात वाद झाला. त्या रात्री परतीच्या गाडीत मी त्यांना मनातल्या मनात जी विशेषणे लावली, ती आज मागे घेण्याची माझी इच्छा आहे. या लेखाच्या निमित्ताने गेली दोन वर्षे निरनिराळ्या कचेऱ्यांत बसल्यावर, कारकुनांशी आणि शिपायांशी बोलल्यावर, माझी अशी खात्री झाली आहे की, ते गृहस्थ दुष्ट नव्हते, बहुधा आळशीही नव्हते. माझा कागद कोठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नाही असे सांगण्याची सोय त्यांना कोणीही करून दिलेली नव्हती.

कर्मचाऱ्यांचे वर्तन सुधारावे म्हणून आपल्याकडे जे उपाय योजले जातात, त्यांत उपदेशाचा वाटा फार मोठा आहे. जनतेशी सौजन्याने वागावे अशी परिपत्रके निघतात, भिंतीवर सुविचार लागतात, व्याख्याते येऊन दोन तास मनोवृत्तीविषयी बोलून जातात. यांतील हेतू शुद्ध असतो. पण ज्याच्या टेबलावर कोणत्या तारखेचा कोणता कागद पडला आहे हे त्यालाच माहीत नाही, त्या मनुष्याला सौजन्य परवडत नाही; प्रत्येक अर्जदार त्याला सावकाराच्या वसुलीदारासारखा भासतो, आणि मान वर न करणे हाच त्याला स्वसंरक्षणाचा एकमेव मार्ग वाटू लागतो. बाईंनी हीच गोष्ट माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितली: "कागद सापडत नाही म्हणून लोक चिडतात, असं तुम्ही म्हणता. लोकांच्या आधी आम्हीच चिडलेलो असतो हो."

महाराष्ट्रात हे मर्म ज्या अधिकाऱ्याने ओळखले, त्याचे नाव महसूल खात्यात आजही एका पद्धतीचे नाव म्हणून घेतले जाते. 1980 नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीच्या सुधारणेची सुरुवात माणसांच्या स्वभावापासून न करता टेबले, कपाटे आणि कागद यांच्यापासून केली. कोण कोठे बसतो, त्याच्या हाताशी काय असते, अर्जदाराला तो दिसतो की नाही, कोणते काम नेमके कोणाचे, कोणता कागद किती काळ ठेवायचा आणि कोणता फेकायचा, असे जे प्रश्न वरिष्ठांना क्षुद्र वाटून कनिष्ठांवर सोपविले जातात, तेच त्यांनी मुख्य मानले. बैठकीची रचना बदलली, दप्तराचे वर्गीकरण केले, कामाच्या रीती लिहून काढल्या आणि त्यांचे शिक्षण कर्मचाऱ्यांना दिले. 'लखिना पॅटर्न' हे नाव पुढे राज्यभर झाले, आणि त्या परंपरेतील 'सहा गठ्ठे पद्धत' हा शब्द कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाच्याही कानावर पहिल्या आठवड्यातच पडतो.

ही सहा गठ्ठ्यांची पद्धत बाहेरच्या वाचकाला समजावून सांगण्याजोगी आहे, कारण तिच्यात मनुष्यस्वभावाची जी जाण दडलेली आहे ती मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचित आढळते. कारकुनाच्या संकलनातील, म्हणजे त्याच्याकडे नेमून दिलेल्या विषयातील, प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. ज्यावर आपल्याला काम करावयाचे आहे ते कागद एका गठ्ठ्यात; ज्यावर आपण काम केले आहे पण दुसऱ्या कोणाच्या उत्तराची वाट पाहत आहोत ते 'प्रतीक्षाधीन' कागद दुसऱ्यात; ठराविक मुदतीने वर पाठवावयाची नियतकालिके तिसऱ्यात; शासनाचे कायम उपयोगाचे निर्णय आणि परिपत्रके यांची स्थायी आदेश संचिका चौथ्यात; निकाली निघालेली आणि अभिलेख कक्षात धाडावयाची प्रकरणे पाचव्यात; आणि ज्यांचे आयुष्य संपले आहे ते नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद सहाव्यात. अभिलेखांचेही वर्ग ठरलेले आहेत: 'अ' कायमचे, 'ब' 30 वर्षांचे, 'क'मधील 10 किंवा 5 वर्षांचे, आणि 'ड' वर्षभराचे.

वरवर पाहता ही केवळ आवराआवर आहे. पण पहिला आणि दुसरा गठ्ठा वेगळा करताना कारकुनाच्या मनात काय घडते याचा विचार करावा. जोपर्यंत सगळे कागद एकाच ढिगात आहेत, तोपर्यंत तो सगळा ढीग त्याचाच अपराध असतो. त्यातील बहुतेक प्रकरणे दुसऱ्या खात्याच्या उत्तरासाठी अडली असतील, तरी त्याला ते सिद्ध करता येत नाही, आणि जे खरोखर त्याच्यामुळेच अडले आहे तेही त्या गर्दीत लपून जाते. गठ्ठे वेगळे झाले की, त्याचा ढीग एकदम वीतभर होतो. जो ढीग पाहून हात गळत होता तो पाहून हात चालू लागतो. शिवाय लपण्याची जागाही नाहीशी होते. आणि या दोन गोष्टी, धीर आणि लाज, एकाच वेळी, एकाच कृतीने निर्माण व्हाव्यात, हे या पद्धतीचे खरे कौशल्य आहे असे मला वाटते.

या मातीला दप्तर बांधण्याची विद्या नवीन नाही. पेशव्यांचे हुजूर दप्तर कापडी रुमालांत बांधले जाई, आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात ते हजारो रुमाल आजही आहेत. त्यांतूनच रियासतकार सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात पेशवे दप्तराचे 45 खंड संपादून प्रसिद्ध केले. कोणत्या सालचा, कोणत्या मामल्याचा कागद कोणत्या रुमालात बांधावा, याची रीत असल्यामुळेच हे शक्य झाले. आणि तेच दप्तर दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत, वरच्याने लक्ष काढून घेतल्याबरोबर, अव्यवस्थेत गेले हेही इतिहासाने नोंदलेले आहे. कारकून तेच, कागद तेच, परंतु नजर उठली आणि वळण गेले. हा मुद्दा पुढे येणारच आहे, म्हणून येथे त्याची केवळ नोंद करून ठेवतो.

बाई सेवेत आल्या तेव्हा लखिना पद्धतीचा बोलबाला होता. त्यांच्या पहिल्या अव्वल कारकुनांनी त्यांना गठ्ठे शिकविले, तेही चांगले धाक दाखवून. पुढे अधिकारी बदलले. एकाला गठ्ठ्यांत रस नव्हता, दुसऱ्याला निवडणुकीच्या कामातून वेळ नव्हता, तिसऱ्याने स्वतःची निराळी पद्धत आणली आणि ती रुजण्याआधीच त्याची बदली झाली. "मग आम्हीही सैल झालो. खोटं कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. ढीग परत वाढले. 2017 साली पुण्याचे तत्कालीन विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत 'शून्य प्रलंबितता आणि दैनंदिन निर्गती' या नावाने मोहीम हाती घेतली तेव्हा, बाईंच्या कचेरीत पुन्हा एकदा कपाटे उघडली गेली.

त्या दिवसाचे वर्णन त्यांनी मोठ्या तन्मयतेने केले. त्या वेळचे तहसीलदार, ज्यांना सारी कचेरी रावसाहेब म्हणे, त्यांनी सकाळी सगळ्यांना बोलावून भाषण केले नाही. त्यांनी आधी स्वतःच्या दालनातील कपाट उघडविले, त्यातील कागद सतरंजीवर ओतविले, आणि बाह्या सरसावून शिपायाशेजारी खाली बसले. त्यांच्याच कपाटात, त्यांच्या पूर्वीच्या अधिकाऱ्यांच्या काळापासून सहीसाठी थांबलेले कागद निघाले. ते त्यांनी सर्वांना दाखविले आणि हे आपल्या खात्यावर मांडा असे सांगितले. "तिथंच आमची भीती गेली," बाई म्हणाल्या. दुपारपर्यंत जो तो आपापले कपाट उघडून बसला होता. ज्याच्या ढिगात सर्वांत जुना कागद निघेल त्याला शासन होणार नाही, पण तो कागद सर्वांदेखत पहिल्या गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला जाईल, एवढाच नियम होता. आणि आठवड्याचा गोषवारा कोणत्या दिवशी काढायचा हे रावसाहेबांनी न ठरविता कर्मचाऱ्यांना ठरवू दिले. त्यांनी शनिवार धरला. 29 फेब्रुवारी 2020पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला तेव्हा कोणाच्याही आज्ञेवाचून तो शुक्रवारवर आला. मी ज्या दुपारी तेथे गेलो ती अशीच गोषवाऱ्याची दुपार होती.

कर्मचाऱ्यांनीच दिवस ठरविला, ही बाब मला किरकोळ वाटत नाही. जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, टंचाईमुळे लोकांनी एरवी खाल्ले न जाणारे मांस खावे म्हणून प्रयोग केले. ज्या गृहिणींना केवळ व्याख्यान ऐकविले त्यांच्यापैकी 3 टक्क्यांनी ते घरी शिजविले; ज्यांनी आपसांत चर्चा करून स्वतः निश्चय केला त्यांच्यापैकी 32 टक्क्यांनी. त्याच विचारधारेतील दुसरा प्रयोग व्हर्जिनियातील मॅरियन गावी, रात्रीचे कपडे शिवणाऱ्या हारवुड कंपनीच्या कारखान्यात झाला आणि लेस्टर कोच व जॉन फ्रेंच यांनी तो 1948 साली प्रसिद्ध केला. तेथे कामाची रीत बदलावी लागे, आणि बदल झाला की कुशल कामगारांचेही उत्पादन कोसळे. ज्या गटाला बदल नुसता कळविण्यात आला, त्यातील 17 टक्के कामगार पहिल्या 40 दिवसांतच काम सोडून गेले आणि उरलेल्यांचे उत्पादन वर आलेच नाही. ज्या गटांतील सर्वांना बदलाची आखणी करण्यात सहभागी केले त्यांतून कोणीही गेले नाही, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षाही सुमारे 14 टक्क्यांनी वाढले. शिलाईयंत्रे तीच होती. आपल्या एका तालुक्यातील सतरंजीवर बसलेल्या रावसाहेबांनी हे प्रबंध वाचले असतील असे मला वाटत नाही. परंतु आपल्या हातांनी मांडलेली गोष्ट मनुष्य सहसा मोडीत नाही हे त्यांनी जाणले होते.

आता कायद्याकडे वळले पाहिजे, कारण कायदा नाही असे नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने 2005 सालचा जो अधिनियम केला, त्यात बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्यातील विलंबाला प्रतिबंध हे दोन विषय एकत्र आणलेले आहेत. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये असे त्यात आहे. आणि अधिकाऱ्याचा एका पदावरील कालावधी सामान्यतः तीन वर्षांचा असावा असेही त्यातच आहे. हे दोन विषय एकाच कायद्यात यावेत हा मला योगायोग वाटत नाही. तीन वर्षांत जो अधिकारी वळण लावतो तो निघून जातो, कधी तीन वर्षांच्याही आत. सात दिवसांची मर्यादा पाळणारा कारकून मात्र बहुधा त्याच्यानंतरही तेथेच असतो. म्हणून सुधारणा अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी असेल, तर तिचे आयुष्य त्याच्या बदलीच्या हुकमाएवढेच असते.

2015 सालच्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांसाठी मुदत घालून दिली आणि कसूर करणाऱ्यास 500 ते 5000 रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद केली. नागरिकाच्या हाती हे हत्यार आले ही फार चांगली गोष्ट आहे, आणि ते कोणी काढून घेऊ लागला तर मी विरोध करीन. पण केवळ दंडाने वर्तन कसे वाकडे जाते हेही कचेऱ्यांत बसल्यावर दिसते. मुदत संपत आली की अर्जात त्रुटी काढून तो परत करायचा, म्हणजे दिवसांची मोजणी थांबते; अर्ज निकाली दिसतो आणि अर्जदार मात्र पुन्हा रांगेच्या शेवटी जातो. एका तरुण महसूल सहायकाने मला हे मोकळेपणाने सांगितले. त्याच्याकडे, पदे रिक्त असल्यामुळे, एकाच वेळी तीन संकलनांचा भार होता. त्याला दोष देताना माझी जीभ अडखळली. माणसे न देता मुदती देणे हा अन्याय आहे, आणि वर्तनसुधारणेच्या कोणत्याही प्रशिक्षणवर्गाने तो झाकता येणार नाही.

लाचलुचपतीविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. गठ्ठे लावल्याने लोभ जात नाही. मात्र हरविलेला कागद ही विक्रीची वस्तू आहे. जो कागद शोधून काढण्यासाठीच पैसे पडतात, तो जागेवर असला म्हणजे निदान तेवढा बाजार उठतो. ज्याला शंका असेल त्याने आपल्या गावातील कोणत्याही वयस्क शेतकऱ्याला, फेरफाराची जुनी नक्कल मिळविताना त्याने काय सोसले, ते विचारून पाहावे.

सातबारा आता संगणकावर मिळतो, फेरफाराची प्रक्रियाही बरीचशी संगणकावर आली आहे, आणि अनेक कचेऱ्यांत नस्त्याही पडद्यावरच फिरतात. या सोयीचे मोल मी कमी लेखीत नाही. माझ्या पुतण्याने परदेशात बसून गावच्या जमिनीचा उतारा काढला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. परंतु एक धोका जवळून पाहिला तो सांगतो. कागदाच्या ढिगावर धूळ बसते, तो आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, साहेबालाही दिसतो. पडद्यामागचा ढीग कोणालाच दिसत नाही. म्हणून बाईंच्या कचेरीत दर शुक्रवारी पडद्यावरील थांबलेल्या नस्त्यांचीही यादी छापून काढतात आणि सहा गठ्ठ्यांशेजारी टाचून ठेवतात. कोणाला हा कागदाचा अपव्यय वाटेल. मला ती सुज्ञता वाटते.

जपानच्या कारखान्यांत व्यवस्थेसाठी पाच शब्दांचे एक सूत्र प्रचलित आहे: नको ते काढणे, हवे ते जागी लावणे, झाडणे, ही स्थिती टिकविण्याची रीत ठरविणे, आणि पाचवा शब्द 'शित्सुके'. आपल्याकडे त्याचे भाषांतर बहुधा 'शिस्त' असे करतात आणि तेथेच चूक होते, कारण शिस्त म्हटली की छडी आठवते. मुलाला घरात जे लावतात तेच त्या शब्दाने अभिप्रेत आहे. आणि पक्की शिवण घालण्याआधी कापड जागेवर राहावे म्हणून जो कच्चा दोरा घालतात त्यालाही जपानीत हाच शब्द आहे. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे, तो 'वळण'. अक्षराला असते तेही वळणच, आणि ते कोणाच्या हुकमाने येत नाही. कित्त्यावरून हात फिरवून फिरवून येते, आणि एकदा आले की गुरुजी वर्गात असोत वा नसोत, जात नाही.

नव्या जागी रुजू होणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना, त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा अंक पडला तर, माझी एक विनंती आहे. पदभार घेतल्यावर पहिल्या दिवशी नवी पद्धत जाहीर करू नये. कचेरीतील सर्वांत जुन्या कारकुनाला समोर बसवून, यापूर्वी येथे काय चांगले चालले होते आणि ते कशामुळे बंद पडले, एवढेच विचारावे. आणि जे सांगितले जाईल ते आपल्या नावाचा आग्रह न धरता पुन्हा सुरू करावे.

बाई गेल्या 31 मेला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सेवानिवृत्त झाल्या. पदभार देण्याची यादी त्यांनी एका पानात, सुरेख वळणदार अक्षरात लिहिली होती: सहा गठ्ठे, प्रत्येकातील कागदांची संख्या, आणि प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातील प्रत्येक कागदासमोर पुढच्या स्मरणपत्राची तारीख. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने ती यादी गठ्ठ्यांशी ताडून पाहिली आणि सही केली. रस्त्याच्या अर्जाचा नकाशा आलेला होता, आणि ते प्रकरण पाचव्या गठ्ठ्यात होते. पहिल्या गठ्ठ्यात त्या संध्याकाळी एकही कागद नव्हता.